फुलांच्या क्लोज-अप छायाचित्रणातील फोकस स्टॅकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोकस स्टॅकिंग म्हणजे नेमके काय?

कॅमेरा, फूल आणि प्रकाश जागच्या जागी ठेवून केवळ फोकस थोडा थोडा पुढे सरकवत एकाच फुलाची अनेक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येक छायाचित्रात जेवढा भाग सुस्पष्ट आला असेल तेवढाच उचलून संगणकावर त्या सर्वांचे एक चित्र करायचे, या पद्धतीला फोकस स्टॅकिंग म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्ये फुलाचा एक पातळ थर स्पष्ट असतो आणि अंतिम चित्रात हे थर एकामागून एक जोडलेले असतात. किती थर जोडायचे आणि कोठे थांबायचे हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते. पुढील बहुतेक उत्तरे फिरून याच निर्णयापाशी येतात.

ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक केले तर एकाच छायाचित्रात काम भागणार नाही का?

ॲपर्चर म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफ-क्रमांक जितका मोठा तितके ते बारीक. एवढ्याने क्वचितच भागते, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की जवळून घेतलेल्या छायाचित्रात डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे सुस्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी, मुळातच इतकी तोकडी असते की ती दुप्पट झाली तरी फुलाला पुरत नाही. फुल-फ्रेम सेन्सरवर १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे फुलाचा ३६ मिलीमीटर भाग चौकटीची पूर्ण लांबी व्यापत असताना, अस्पष्टतेची रूढ मर्यादा, म्हणजे सेन्सरवर बिंदू किती पसरला तरी तो सुस्पष्ट मानायचा ते माप, ०.०३ मिलीमीटर धरली तर एफ/८ ला सुमारे १ मिलीमीटर आणि एफ/१६ ला सुमारे २ मिलीमीटर इतकाच थर सुस्पष्ट येतो. ०.०३ मिलीमीटर ही मर्यादाही फिल्मच्या आणि लहान प्रिंटच्या काळातली आहे. आजच्या सेन्सरवरील चित्र मोठे करून पाहायचे असेल तर ती निम्मी धरावी लागते आणि मग हे दोन्ही आकडेही निम्म्यावर येतात.

दुसरे कारण विवर्तनाचे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचे. लेन्सवर छापलेला एफ-क्रमांक दूरच्या विषयासाठी खरा असतो. लेन्स जवळ फोकस करू लागली की परिणामी क्रमांक वाढत जातो आणि १:१ ला तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे एफ/१६ वर ठेवलेली लेन्स प्रत्यक्षात एफ/३२ सारखी वागते. हिरव्या प्रकाशासाठी अशा वेळी एका बिंदूची प्रतिमा सुमारे ०.०४३ मिलीमीटर व्यासाच्या चकतीएवढी पसरते, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिलीमीटरचा असल्याने ही चकती सात पिक्सेल व्यापते. चित्र पुढून मागपर्यंत सारखे दिसते, पण सारखेच मऊ दिसते. एफ/५.६ ला तीच चकती अडीच पिक्सेलांत मावते. म्हणून मॅक्रो लेन्स जेथे सर्वांत चांगली चालते त्या एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास राहून थरांची संख्या वाढवणे हा मार्ग अधिक फायद्याचा ठरतो. काही कॅमेरे पडद्यावर परिणामी क्रमांक दाखवतात आणि काही छापील क्रमांकच दाखवतात. दोन कॅमेऱ्यांच्या आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

कोणत्या फुलांना स्टॅकिंग लागते आणि कोणत्या फुलांना लागत नाही?

सदाफुलीसारखे सपाट फूल सेन्सरच्या अगदी समांतर धरले तर एफ/११ ला एका फ्रेममध्येही पुरेसे सुस्पष्ट येते, आणि तेथे स्टॅकिंगचा खटाटोप करणे मला अनावश्यक वाटते. जर्बेरा समोरून घेतला तरी मधल्या चकतीचा उंचवटा आणि मागे झुकलेल्या पाकळ्यांची टोके यांच्यात काही मिलीमीटरचे अंतर पडते. तेथे सहा-आठ फ्रेम पुरतात. खरी गरज पडते ती खोल फुलांना, म्हणजे जास्वंद, लिली, कर्दळ, अर्धवट उमललेला गुलाब, आणि ज्यांचे पुंकेसर पाकळ्यांच्या बरेच पुढे येतात अशा सर्व फुलांना.

तिरपी करता येणाऱ्या टिल्ट लेन्सचा पर्याय काही जण सुचवतात. त्याने फोकसचे प्रतल हवे तसे कलते करता येते, परंतु ते राहते सपाटच. लांब दांड्यावर एका ओळीत आलेल्या फुलांसाठी ते उत्तम आहे. पेल्यासारख्या खोल फुलासाठी नाही.

किती फ्रेम घ्याव्यात आणि दोन फ्रेममधले अंतर किती ठेवावे?

साधा हिशेब असा की एका फ्रेमची डेप्थ ऑफ फील्ड काढायची, तिच्या सुमारे ७० टक्के अंतर हा एक टप्पा धरायचा, म्हणजे लगतच्या दोन थरांचा ३० टक्के भाग एकमेकांवर येतो, आणि फुलाच्या एकूण खोलीला त्या टप्प्याने भागायचे. डेप्थ ऑफ फील्डचे जवळच्या अंतराला चालणारे सूत्र असे : एफ-क्रमांकाची दुप्पट, गुणिले अस्पष्टतेची मर्यादा, गुणिले मॅग्निफिकेशन अधिक एक, भागिले मॅग्निफिकेशनचा वर्ग.

जास्वंदीचे उदाहरण घेऊ. फूल तिरक्या कोनातून घेतले आहे, चौकटीची लांब बाजू फुलाचे १२ सेंटीमीटर व्यापते आणि पुढे आलेल्या केसरदांड्याच्या टोकापासून पाकळ्यांच्या तळापर्यंतची खोली ७ सेंटीमीटर आहे. येथे मॅग्निफिकेशन ०.३ आहे. एफ/८ आणि ०.०१५ मिलीमीटरची मर्यादा धरली तर एका फ्रेममध्ये साडेतीन मिलीमीटरचा थर स्पष्ट येतो, टप्पा अडीच मिलीमीटरचा पडतो आणि सुमारे २९ फ्रेम लागतात. पुढे आणि मागे दोन-दोन फ्रेम जादा घेतल्या म्हणजे ३३. आता त्याच फुलाच्या केवळ टोकाकडे, पाच लालभडक मखमली गुंड्यांसारख्या कुक्षींकडे, १:१ ने पाहिले तर खोली अवघी १ सेंटीमीटर उरते, पण एफ/५.६ ला स्पष्ट थर मिलीमीटरच्या एक तृतीयांशाएवढा पातळ होतो आणि फ्रेम ४० च्या पुढे जातात. खोली सातव्या हिश्शावर आली आणि फ्रेम वाढल्या, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, परंतु मॅग्निफिकेशनचा वर्ग भाजकात असल्याने असेच होणार. या श्रमाचे फळही तसेच असते. जास्वंदीचे परागकण सुमारे दशांश मिलीमीटरचे, म्हणजे परागकणांच्या मानाने चांगलेच मोठे आणि काटेरी असतात, आणि नीट घेतलेल्या स्टॅकमध्ये कुक्षीच्या केसांना अडकलेला एकेक पिवळा कण वेगळा ओळखू येतो.

शंका असेल तेव्हा टप्पा लहान ठेवावा. जादा फ्रेम नंतर गाळता येतात, पण दोन थरांच्या मध्ये फट राहिली तर पाकळीवर एक धूसर पट्टा उमटतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. उलट दिशेचा अतिरेकही टाळावा : गरजेच्या चौपट फ्रेम घेतल्याने तपशील वाढत नाही, केवळ फुलाला हलायला आणि प्रकाशाला बदलायला अधिक वेळ मिळतो.

फोकस रिंग फिरवावी की कॅमेरा रेलवर सरकवावा?

१:१ पेक्षा कमी मॅग्निफिकेशनला लेन्सचा फोकस बदलणे आणि त्याहून अधिकला कॅमेरा रेलवर, म्हणजे त्याला मापाने पुढे-मागे नेणाऱ्या पट्टीवर, पुढे सरकवणे, ही ढोबळ वाटणी बहुतेक वेळा उपयोगी पडते. कारण दृष्टिकोनाचे आहे. रेलवर कॅमेरा सरकला की लेन्सचे डोळ्यासारखे काम करणारे प्रवेशछिद्रही सरकते, त्यामुळे पुढचे केसर आणि मागची पाकळी यांची सापेक्ष जागा प्रत्येक फ्रेममध्ये बदलते. खोल फुलात रेलचा प्रवास ६-७ सेंटीमीटर झाला तर हा बदल इतका मोठा होतो की पुढच्या केसराआड लपलेला भाग नंतरच्या फ्रेममध्ये उघडा पडतो आणि जोडणी फसते. फोकस रिंग फिरवताना चित्राचा आकार किंचित बदलतो खरा, पण तो बदल सॉफ्टवेअरला सहज सांभाळता येतो. १:१ च्या पुढे मात्र प्रवासच काही मिलीमीटरचा असतो, रिंगचा सर्वांत लहान टप्पाही तेथे मोठा पडू लागतो, आणि सूक्ष्म स्क्रूची किंवा मोटरवर चालणारी रेल सरस ठरते.

एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा क्लोज-अप फिल्टर लावलेल्या साध्या लेन्सनेही स्टॅकिंग होते. तत्त्व तेच राहते.

कॅमेऱ्यातच फोकस ब्रॅकेटिंग असेल तर त्यावर विसंबावे का?

अवश्य. फोकस ब्रॅकेटिंग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच फोकस टप्प्याटप्प्याने सरकवत फ्रेम घेणे. हाताने रिंग फिरवताना होणारा स्पर्श आणि विषम टप्पे हे दोन्ही दोष त्याने जातात. ऑलिंपसने ही सोय २०१५ मध्ये आणली, निकॉनने २०१७ च्या डी८५० मध्ये ३०० फ्रेमपर्यंत फोकस सरकवण्याची व्यवस्था दिली, कॅननने २०१९ च्या ईओएस आरपी मध्ये आणि सोनीने २०२२ च्या ए७आर ५ मध्ये ती दिली. बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस जवळून दूर सरकतो, म्हणून सुरुवातीचा फोकस फुलाच्या सर्वांत पुढच्या बिंदूच्याही किंचित अलीकडे ठेवावा. सर्वांत पुढचा बिंदू हा बहुधा केसराचे टोक असतो. पाकळीची कड समजून सुरुवात केली तर टोक कायमचे अस्पष्ट राहते.

मेनूमध्ये टप्प्यासाठी जो १ ते १० असा आकडा असतो तो मिलीमीटर दाखवत नाही. आपल्या लेन्ससाठी त्याचा अर्थ एकदा तपासून घ्यावा. मोजपट्टी कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत कलती ठेवून ठरावीक टप्प्याने दहा फ्रेम घ्याव्यात आणि स्पष्ट भाग पट्टीवर कोठून कोठे सरकला ते वाचावे. पट्टीवरील अंतराच्या साधारण ०.७ पट ही प्रत्यक्ष खोली होय. दोन-तीन मॅग्निफिकेशनांचे असे आकडे वहीत लिहून ठेवले की पुढे अंदाजाचे काम उरत नाही.

काही कॅमेरे जोडणीही स्वतःच करतात. मंगळावरील क्युरिऑसिटी रोव्हरच्या हातावर बसवलेला माहली हा कॅमेरा आठ फ्रेमपर्यंतचा स्टॅक तेथल्या तेथे जोडतो, कारण सर्व फ्रेम पृथ्वीवर पाठवणे महाग पडते. आपल्यावर तशी सक्ती नाही. कॅमेऱ्यातली जोडणी झटपट पाहण्यासाठी चांगली आहे, पण चूक झाली तर दुरुस्तीला वाव नसतो, म्हणून मूळ रॉ (सेन्सरने टिपलेल्या, संस्कार न केलेल्या) फ्रेम जपणारी सेटिंगच निवडावी.

इतर सेटिंग काय असाव्यात?

जे जे आपोआप बदलू शकते ते सर्व बंद करावे : एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, आयएसओ सर्वांत कमी. हाताने फोकस सरकवत असाल तर ऑटोफोकसही बंद करावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बहुधा बंदच चांगला. चौकट थोडी सैल ठेवावी, कारण फ्रेम एकमेकींवर बसवताना कडा कापल्या जातात.

बाहेर वाऱ्यात फूल हलते; काय करावे?

१:१ ला फूल दशांश मिलीमीटर हलले तरी सेन्सरवरची प्रतिमा सुमारे १७ पिक्सेल सरकते, त्यामुळे जो वारा आपल्या गालाला जाणवतही नाही तो स्टॅक बिघडवायला पुरतो. पहाटेनंतरची स्तब्ध वेळ गाठणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. दांडा फुलाच्या खाली काही सेंटीमीटरवर मऊ चिमट्याने धरून तो चिमटा जमिनीत रोवलेल्या काडीला बांधावा. ट्रायपॉडला बांधल्यास कॅमेऱ्याची थरथर फुलाला आणि फुलाची कॅमेऱ्याला मिळते. वाऱ्याच्या बाजूला पारदर्शक किंवा पांढरा आडोसा उभा करावा. फूल झोके घेत असेल तर सलग फ्रेम घेण्यापेक्षा दोन झुळुकांमधल्या शांत क्षणी भराभर घ्याव्यात. सेकंदाला दहा-वीस फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी हे काम खरोखर सोपे केले आहे.

सॉफ्टवेअर संपूर्ण फ्रेम सरकवून, फिरवून आणि लहान-मोठी करून जुळवते. सगळे फूल एकसंध डावीकडे गेले असेल तर ते जुळते. एकच पाकळी वाकली असेल तर जुळत नाही, आणि तेथे दुहेरी कड उमटते.

फूल खुडून घरात आणले म्हणजे ते स्थिर राहील ना?

वारा थांबतो, फूल थांबत नाही. ट्युलिप आणि क्रोकस यांची फुले उष्णतेने उमलतात आणि गारव्याने मिटतात, त्यामुळे थंड खोलीतून आणून गरम दिव्याखाली ठेवलेला ट्युलिप स्टॅक चालू असतानाच पाकळ्या पसरू लागतो. चिनी गुलाब प्रकाशाला प्रतिसाद देतो. रात्री उमलणारे निवडुंगवर्गीय ब्रह्मकमळ तर उमलण्याच्या भरात इतक्या लवकर आकार बदलते की दोन-तीन मिनिटे चालणारा स्टॅक त्याला मानवत नाही. पूर्ण उमलून स्थिरावल्यानंतरच काम सुरू करावे. नुकताच कापलेला दांडा पाणी शोषताना हळूहळू ताठ होतो किंवा वळतो, म्हणून फूल पाण्यात ठेवून तासभर तरी तसेच राहू द्यावे, त्याच जागी, त्याच प्रकाशात.

फूल हलले की नाही हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. स्टॅक संपल्यावर फोकस पुन्हा पहिल्या जागी आणून आणखी एक फ्रेम घ्यावी आणि ती पहिल्या फ्रेमशी आलटून पालटून पडद्यावर पाहावी. एखादी पाकळी उडी मारताना दिसली तर संगणकावर तास घालवण्याआधीच पुन्हा स्टॅक घेता येतो. फुलाजवळ पंखा चालू असेल तर तो बंद करावा, आणि लाकडी जमीन असेल तर फ्रेम चालू असताना आपणही जागचे हलू नये.

झाडावरचे फूल खुडणे कितपत योग्य, असेही विचारले जाते. बागेतल्या फुलाबद्दल ज्याने त्याने ठरवावे; रानफूल मात्र आहे तेथेच टिपावे, ते दुर्मीळ असो वा नसो.

फ्लॅश वापरावा की सतत जळणारे दिवे?

दोन्ही चालतात, फक्त मर्यादा वेगळ्या आहेत. फ्लॅशची झगमग इतकी अल्पकाळ टिकते की लहानसहान थरथर गोठून जाते, पण प्रत्येक फ्रेमआधी तो पूर्ण चार्ज झालेला हवा, अन्यथा काही फ्रेम काळपट येतात; म्हणून शक्ती एक अष्टमांश किंवा त्याहून कमी ठेवून दोन फ्रेमच्या मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत. एलईडी दिवे सोयीचे आणि कमी उष्ण असतात. मात्र त्यांतले काही डोळ्यांना न दिसणारी लुकलुक करतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास चित्रात आडवे पट्टे येतात. एक चाचणी फ्रेम घेऊन हे आधीच पाहावे. प्रकाश कोणताही असो, तो पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून गाळून घ्यावा, कारण पाकळीवरचा लखलखीत ठिपका प्रत्येक थरात निरनिराळ्या आकाराचा येतो आणि जोडल्यावर त्याभोवती कडी दिसतात.

सॉफ्टवेअर कोणते आणि त्यातली पद्धत कोणती निवडावी?

हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही दोन याच कामासाठी तयार झालेली सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉपमध्ये लेयर जुळवणे आणि मिसळणे या दोन आज्ञांनी हे होते, ॲफिनिटी फोटोमध्ये तशीच सोय आहे, आणि फुकट हवे असल्यास ह्युगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारे फ्रेम जुळवण्याचे साधन आणि त्या मिसळणारे एन्फ्यूज यांची जोडी आहे. पंधरा-वीस फ्रेमच्या साध्या फुलाला यांपैकी काहीही चालते. केसरांचे जाळे असलेल्या फुलाला पहिली दोन वेगळी उठून दिसतात, मुख्यतः त्यांच्यात हाताने दुरुस्ती करण्याची सोय चांगली असल्यामुळे.

पद्धतींचे कुळ दोन. एक, पिरॅमिड पद्धत : झेरीनमधली पीमॅक्स आणि हेलिकॉनमधली सी. ती बारीक केस, एकमेकांवर आलेले केसर आणि गुंतागुंतीच्या कडा उत्तम सांभाळते, परंतु नॉइज (चित्रातले बारीक दाणे) आणि कॉन्ट्रास्ट वाढवते आणि पाकळीच्या मऊ छटा थोड्या कर्कश करते. दोन, डेप्थ मॅप पद्धत : झेरीनमधली डीमॅप आणि हेलिकॉनमधली बी. ती रंग आणि पोत मूळच्याप्रमाणे राखते, पण कडांपाशी गोंधळते. फुलात नेमके दोन्ही असते, मखमली पाकळी आणि तिच्यापुढे केसरांचे जाळे. म्हणून दोन्ही पद्धतींनी चित्र काढावे, डेप्थ मॅपचे चित्र पाया धरावे आणि केसरांचा भाग पिरॅमिडच्या चित्रातून ब्रशने उतरवून घ्यावा. थोडे अधिक कष्ट पडतात, पण फुलासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

रॉ फाइलींवर एकसारखे संस्कार करून त्या १६ बिट टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात द्याव्यात. धार वाढवण्याचे काम शेवटी करावे. २४ मेगापिक्सेलची अशी एक टिफ सुमारे १४४ मेगाबाइटची होते, म्हणजे जास्वंदीच्या ३३ फ्रेमना पावणेपाच गिगाबाइट जागा लागते.

केसरांच्या कडेभोवती धूसर वलय का येते? ते कसे घालवावे?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीचा समजला जाणारा प्रश्न हाच. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्याचे मूळ प्रकाशाच्या मार्गात आहे.

कृष्णकमळ डोळ्यांसमोर आणावे. तळाशी जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे वर्तुळ, त्याच्या मधोमध उभा खांब, आणि त्या खांबावर सुमारे सेंटीमीटरभर उंचीवर आडवे टांगलेले पाच परागकोश व त्यांच्याही वर पसरलेले तीन कुक्षीवृंत. वरून पाहताना परागकोश तंतूंच्या पुढे येतात. आता फोकस तंतूंवर नेला की पुढचा परागकोश फुगतो, त्याची कड पसरते आणि तिच्या लगतच्या तंतूंवर पिवळसर धुके चढते. फोकस परागकोशावर आणला तर त्याची कड चाकूसारखी येते, पण तंतू अस्पष्ट होतात. म्हणजे कडेला लागून एक अरुंद पट्टा असा राहतो की ज्यातले तंतू संपूर्ण स्टॅकमध्ये एकाही फ्रेममध्ये स्वच्छ टिपलेले नसतात. जे टिपलेच गेले नाही ते सॉफ्टवेअर कोठून आणणार?

या पट्ट्याची रुंदी लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर आणि दोन थरांमधल्या अंतरावर अवलंबून असते. १०० मिलीमीटरच्या लेन्सचे छिद्र एफ/५.६ ला सुमारे १८ मिलीमीटर व्यासाचे असते. फूल ३० सेंटीमीटरवर आणि परागकोश तंतूंच्या १ सेंटीमीटर पुढे असेल तर धुक्याचा पट्टा सुमारे ०.६ मिलीमीटर रुंद होतो, आणि एफ/११ ला तो निम्मा होतो. म्हणून असे मोठे उंचसखल असलेल्या फुलात, विवर्तनाचा थोडा तोटा पत्करूनही, मी एफ/११ कडे झुकेन. कोन बदलून पुढचा भाग एकरंगी पाकळीवर येईल असे पाहिले तरी वलय जवळजवळ नाहीसे होते, कारण जेथे तपशीलच नाही तेथे तपशील हरवल्याचे कोणाला कळत नाही.

जे उरते ते हाताने दुरुस्त करावे लागते. आधी परागकोशाचा स्टॅक आणि तंतूंचा स्टॅक वेगळे जोडावेत, मग दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून परागकोशाची कड पुढच्या चित्रातून नेमकी रंगवावी आणि उरलेल्या अरुंद पट्ट्यात शेजारचे तंतू क्लोन ब्रशने, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे नकलणाऱ्या ब्रशने, पुढे ओढावेत. शंभर टक्के मोठे करून कडेकडेने जावे. चित्र पाहणाऱ्याला ही दुरुस्ती कधी दिसत नाही. न केलेली दुरुस्ती मात्र लगेच दिसते.

चित्रात ठिपक्यांच्या लहान माळा किंवा रेघोट्या का दिसतात?

सेन्सरवर धूळ आहे. धुळीचा कण सेन्सरवर स्थिर असतो, पण जुळवताना प्रत्येक फ्रेम थोडी लहान-मोठी केली जाते, त्यामुळे तोच कण दर फ्रेमला नव्या जागी पडतो आणि मध्याकडून कडेकडे जाणारी माळ तयार होते. एका फ्रेममध्ये लक्षातही न येणारा कण तीस फ्रेममध्ये शेपटीसारखा दिसतो. सेन्सर आधी स्वच्छ करावा.

दवबिंदू किंवा फुलावरचा कीटक असेल तर?

थेंबात दिसणारी मागच्या फुलाची उलटी प्रतिमा थेंबाच्या पृष्ठभागाच्या प्रतलात नसते. तिच्यासाठी वेगळ्या एक-दोन फ्रेम लागतात आणि जोडताना ब्रशने निवड करावी लागते. शिवाय थेंब वाळतो आणि घसरतो, म्हणून घाई करावी. कीटक हलता असेल तर त्याच्यासाठी स्टॅकचा नाद सोडावा : तो थांबला असताना त्याची एक चांगली फ्रेम घ्यावी आणि मग फुलाचा स्टॅक करून ती त्यात बसवावी. गारठ्याने निश्चल बसलेल्या कीटकाचा स्टॅक होतो. त्यासाठी कीटकाला मुद्दाम गार करणे मला मान्य नाही.

सगळे फूल सुस्पष्ट केले तरी चित्र निर्जीव का वाटते?

कारण नजरेला कोठे थांबावे ते कळत नाही. स्टॅकिंगचा मोठा लाभ असा की पार्श्वभूमीसाठी ॲपर्चर आणि फुलासाठी थरांची संख्या या दोन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता येतात. एफ/४ ला पार्श्वभूमी विरघळून जाते, आणि त्याच एफ/४ ला पन्नास फ्रेम घेऊन फूल मात्र हवे तेवढे स्पष्ट करता येते. एका फ्रेममध्ये हे कधीच साधत नाही. हा लाभ सोडून शेवटच्या पाकळीच्या मागच्या पानापर्यंत स्टॅक ओढत नेला की फूल कागदावर चिकटवल्यासारखे दिसू लागते.

फ्रेम पूर्ण घ्याव्यात, पण जोडताना थोड्या वापराव्यात, असा माझा आग्रह असतो. गुलाबाच्या ३० फ्रेम असतील तर प्रथम पुढच्या १२ जोडून पाहाव्यात, मग १८, मग २४. प्रत्येक वेळी स्पष्टतेची सीमा कोठे पडते ते पाहावे आणि ती सीमा एखाद्या पाकळीच्या मध्यावर न येता दोन पाकळ्यांमधल्या सावलीत येईल तेथे थांबावे. पाकळीच्या मध्यावर तुटलेली स्पष्टता चूक वाटते. सावलीत विरलेली स्पष्टता लेन्सने दिल्यासारखी वाटते. वनस्पतिशास्त्रीय नोंदीसाठी घेतलेल्या चित्राला हा नियम लागू नाही. तेथे निदलपुंजापासून कुक्षीपर्यंत सर्व काही स्पष्ट हवे आणि सोबत मापपट्टीही हवी.

ट्रायपॉडशिवाय किंवा मोबाइलवर हे जमेल का?

वेगाने फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने, कोपर टेकवून, आठ-दहा फ्रेमचा स्टॅक हातातही जमतो. त्याहून मोठा जमेल अशी अपेक्षा ठेवू नये. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने सारख्याच चौकटीला त्याची डेप्थ ऑफ फील्ड मुळात अधिक असते आणि स्टॅकची गरज कमी पडते. मॅन्युअल फोकस देणारे ॲप आणि छोटा स्टँड असेल तर पाच-सहा फ्रेम घेऊन वरील सॉफ्टवेअरमध्येच जोडता येतात.

चित्र स्टॅक केलेले आहे हे सांगावे का? मूळ फ्रेम किती दिवस ठेवाव्यात?

स्पर्धेला पाठवताना तिचे नियम वाचावेत, कारण काही ठिकाणी स्टॅकिंग सरसकट चालते, काही ठिकाणी ते नमूद करावे लागते आणि काही ठिकाणी मूळ फ्रेम मागितल्या जातात. अभ्यासासाठी दिलेल्या चित्रात फ्रेमची संख्या, मॅग्निफिकेशन आणि हाताने केलेली दुरुस्ती लिहावीच, विशेषतः क्लोन केलेला भाग, कारण तेथील तंतूंची संख्या मोजायला कोणी बसला तर त्याची फसगत होईल. इतर ठिकाणी विचारल्यास सांगितले तरी पुरे.

मूळ रॉ फ्रेम जपून ठेवाव्यात आणि मधल्या टिफ फाइली काम संपताच पुसाव्यात. त्या पुन्हा तयार करता येतात आणि डिस्क मुख्यतः त्यांनीच भरते. प्रत्येक स्टॅकच्या आधी आणि नंतर तळहाताची एक फ्रेम घेण्याची सवय ठेवली तर दोनशे सारख्याच दिसणाऱ्या फ्रेममध्ये एक स्टॅक कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे शोधत बसावे लागत नाही.